खेळातल्या यानाला नंबर कुणी दिला?

भाच्याच्या लॅपटॉपवर काळं आकाश, मधोमध एक स्थानक गरगरतंय आणि हा कोपऱ्यातल्या घड्याळाकडे डोळे लावून बसलाय. पायोनियर नावाचा खेळ. त्याने अंगावर घेतलेलं काम असं: अमुक माणूस अमुक तारखेला या स्थानकातून निघणार, त्याचं यान या जातीचं, नोंदणी क्रमांक हा. निघाला की गाठायचा. नेमकी एकाच जातीची दोन यानं पाठोपाठ सुटली. त्याने दोन्हींच्या शेजारची अक्षरं वाचली, पहिलं जाऊ दिलं आणि दुसऱ्याच्या मागे लागला. मग मान न वळवताच म्हणाला, “मामा, हे नंबर देतंय कोण ओ? आरटीओ आहे काय तिथं?”

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत दारासमोरच्या प्रत्येक गाडीवर केए-२२ असतं, निपाणी-चिक्कोडीकडची आली तर केए-२३, गोकाकची केए-४९, कोल्हापूरचे पाहुणे आले की एमएच-०९. नंबर म्हटलं की कचेरी, रजिस्टर, शिक्का हे डोळ्यांसमोर येणारच. त्याचा प्रश्न म्हणूनच रास्त होता.

पायोनियरमध्ये कचेरी नाही, फासे आहेत. हा खेळ मुक्त स्रोताचा. त्याची आज्ञावली कुणालाही उघडून वाचता येते, म्हणून हे ठामपणे सांगता येतं. नवं यान जन्माला घालताना खेळ इंग्रजी वर्णमालेतून एक अक्षर उचलतो, मग दुसरं, मग आडवी रेघ आणि पुढे चार आकडे. सगळं यादृच्छिक. आधी हाच नंबर कुणाला गेलाय का, हे बघत नाही, कारण बघायला रजिस्टरच ठेवलेलं नाही. २६ गुणिले २६ गुणिले १०,००० म्हणजे ६७ लाख ६० हजार वेगवेगळे नंबर होऊ शकतात. आकडा मोठा वाटतो, पण फाशांचा हिशेब फसवा असतो. एका वर्गात २३ मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. त्याच गणिताने इथे साधारण ३,०६० यानं झाली की कुठल्यातरी दोघांचा नंबर जुळण्याची शक्यता निम्मी होते. ६७ लाखांच्या मानाने तीन हजार म्हणजे काहीच नाही.

मग चालतं कसं? खेळ एका वेळी एकच तारामंडळ जिवंत ठेवतो. तिथे हजारो यानं नसतात, थोडीच असतात, आणि त्या थोड्यांत नंबर जुळणं जवळजवळ अशक्य. शोधायचं यान त्या गर्दीत ओळखू आलं की नंबराचं काम झालं. मला ही तडजोड पटते. रजिस्टर सांभाळण्याचा खर्च त्यांनी ओळखून टाळलाय.

हे एका दिवसात सुचलेलं नाही. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोघांनी बीबीसी मायक्रो संगणकासाठी एलिट हा खेळ लिहिला. ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात त्यांनी ८ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. ग्रहांची नावं साठवायला जागा नव्हती, म्हणून ती गणिताने तयार व्हायची: एका बीजसंख्येवरून अक्षरांच्या जोड्या निघायच्या आणि कितीही वेळा खेळ सुरू केला तरी लावे हा ग्रह लावेच राहायचा. ग्रहाला अशी पक्की ओळख होती, यानांना मात्र काहीच नव्हती. समोर आलेलं यान एक तर व्यापारी, नाहीतर चाचा, नाहीतर पोलीस. ते पुन्हा कधी भेटायचंच नव्हतं, मग नंबर कशाला? १९९३ मध्ये त्याचा पुढचा भाग फ्रंटियर आला आणि यानांच्या शेजारी अक्षरं-आकडे दिसू लागले. पायोनियर फ्रंटियरच्याच वाटेने चाललेला खेळ आहे, त्याने ती चाल उचलली.

अक्षरं, आडवी रेघ, मग पुढचं चिन्ह हा साचा विमानांकडून आलेला आहे. १९१९ च्या पॅरिस कराराने देशांना खुणा वाटून दिल्या: ब्रिटनला जी, फ्रान्सला एफ, इटलीला आय. आपल्या वाट्याला पुढे व्हीटी आलं. त्याचा अर्थ ‘व्हाइसरॉयची हद्द’ असा सर्रास सांगतात, पण मुळात ती ब्रिटिश साम्राज्याला रेडिओसाठी मिळालेल्या व्ही-मालिकेतली वाटणी. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या भारतीय विमानाच्या अंगावर आजही व्हीटी, आडवी रेघ आणि तीन अक्षरं दिसतात.

कल्पनेतल्या यानावर ही पद्धत ठळकपणे चढली ती १९६६ च्या स्टार ट्रेक मालिकेत. यानाचा आराखडा करणारे मॅट जेफ्रीज स्वतः वैमानिक होते. अमेरिकेच्या नागरी विमानांवर पूर्वी एनसी ही खूण असे. तिला आणखी एक सी जोडून त्यांनी एनसीसी-१७०१ लिहिलं. आकडे निवडताना ३, ६, ८ आणि ९ मुद्दाम टाळले, कारण पडद्यावर लांबून ते एकमेकांसारखे दिसतात.

हे वाचलं तेव्हा मला माझा उद्यमबागेतला पहिला पगार आठवला. मी फाउंड्रीत तपासणीला होतो. भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूला एक हीट नंबर असतो आणि त्या हीटमधून निघालेल्या प्रत्येक कास्टिंगवर तो उठलेला असतो. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाकडे एका तुकड्याला तडा गेला तर त्या नंबरावरून त्याचे सगळे भाऊबंद शोधून परत मागवता येतात. एकदा तसाच तुकडा परत आला. शॉट ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे बारीक छर्रे मारून कास्टिंग साफ करताना, ठसा झिजलेला. मी आणि सुपरवायझर तो उन्हात धरून उभे: शेवटचा आकडा ३ की ८? बोट फिरवून बघितलं, खडू चोळून बघितला. कळेना. शेवटी दोन्ही हीटचा माल अडवला, म्हणजे निम्मा चांगला माल उगाच पडून राहिला. तेव्हापासून नंबर वाचता येणं हे नंबर असण्याइतकंच महत्त्वाचं मानतो. आपल्याकडे गाड्यांच्या मालिकेत इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरं गाळतात, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. खऱ्या उपग्रहांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकातही ती दोन गाळलेली असतात. तो क्रमांक प्रक्षेपणाचं वर्ष, त्या वर्षातला कितवा उड्डाणक्रम आणि कितवा तुकडा यांवरून बनतो. आर्यभट्ट १९७५-०३३ए आहे. स्पुत्निक १ मात्र १९५७-००१बी, कारण ए त्याला वर नेणाऱ्या रॉकेटला दिला गेला. पायोनियरच्या फाशांत आय आणि ओ आहेत. मला विचाराल तर काढायला हवेत.

एलिटचा नवा अवतार एलिट डेंजरस १६ डिसेंबर २०१४ ला आला. त्याच्या दीडच महिना आधी, १ नोव्हेंबरला, आमच्या गावाचं सरकारी नाव बदललं होतं. या खेळात सुरुवातीला स्थानकाचा नियंत्रक तुम्हाला यानाच्या कंपनीचं नाव आणि तुमच्या नावाची पहिली तीन अक्षरं घेऊन हाक मारायचा. मी तिथे सह्याद्री म्हणून नाव नोंदवलं होतं, म्हणून मला हाक यायची: लेकॉन सिएरा अल्फा हॉटेल. लेकॉन ही यानाची कंपनी, बाकीचे तीन शब्द म्हणजे एस, ए, एच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ही सिएरा-अल्फाची वर्णमाला नागरी विमानवाहतुकीत १ मार्च १९५६ पासून लागू आहे.

एप्रिल २०१७ च्या सुधारणेत यानाला नाव आणि सहा चिन्हांपर्यंतचा ओळखक्रमांक देता येऊ लागला. क्रमांक खेळ आपोआप सुचवतो, आवडला नाही तर बदलायचा. दोन खेळाडूंचा एकच असला तरी कुणी अडवत नाही. म्हणजे ही झाली हौशीची पाटी, ट्रकच्या मागे मालक लिहून घेतो तशी. तिची मजा मीही लुटली, पण तिला ओळख म्हणवत नाही.

जून २०२० मध्ये फ्लीट कॅरियर आले आणि तिथे मात्र खेळाला खरं रजिस्टर ठेवावं लागलं. पाच अब्ज क्रेडिट मोजून घेतलेलं हे अजस्र जहाज, एका उडीत ५०० प्रकाशवर्षं जाणारं. मालक खेळ बंद करून झोपला तरी ते सगळ्यांच्या आकाशात उभंच असतं. इतर खेळाडू त्यावर उतरतात, माल विकतात, आठवड्याने परत शोधत येतात. अशा वस्तूला फासे चालत नाहीत. तिला तीन चिन्हं, आडवी रेघ, तीन चिन्हं असा क्रमांक खेळच देतो. तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही आणि मालकाला बदलता येत नाही. नाव मात्र हवं तेव्हा बदला.

समुद्रावरच्या जहाजांनी हे आधीच शिकून घेतलं होतं. जहाज विकलं की नाव बदलतं, झेंडा बदलतो, आणि जुनी पापं लपवायला याहून सोपी वाट नव्हती. म्हणून १९८७ मध्ये सात आकड्यांचा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक ठरला आणि १९९६ पासून तो सक्तीचा झाला. तो सांगाड्याला चिकटतो, मालकाला नाही. त्यातला सातवा आकडा पडताळणीचा: पहिल्या सहांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची आणि तिचा शेवटचा आकडा सातव्याशी जुळवायचा. ९०७४७२९ घेतला तर बेरीज १३९ येते, शेवटी ९, जुळलं. माझ्या त्या हीट नंबरातला झिजलेला शेवटचा आकडा असा पडताळणीचा असता तर ३ की ८ हे कागदावरच सुटलं असतं.

बेळगावच्या माणसाला यातलं काही नवं वाटू नये. आम्ही घरात बेळगाव म्हणतो, शेजारी बेळगावी म्हणतात, इंग्रजी पाटीवरचं स्पेलिंग बदललं, आणि नावाचा विषय निघाला की आजही आवाज चढतो, तो चढण्यामागे १९५६ पासूनचं दुःख आहे. पण रेल्वेच्या तिकिटावर स्थानकाचा संकेत बीजीएम होता तो बीजीएमच राहिला, विमानतळ आयएक्सजीच राहिला, गाड्या केए-२२च राहिल्या. नाव आमच्या जिव्हाळ्याचं, म्हणून त्यासाठी भांडतो. संकेताला जिव्हाळा नाही, म्हणून सामान चुकत नाही.

भाच्याने त्या रात्री काम पुरं केलं आणि पैसे साठवून मोठं यान घ्यायचं ठरवलं. पायोनियरमध्ये नवं यान घेतलं की बाजारात त्याच्यावर जो नंबर होता तोच तुमचा होतो. आणि तुम्ही दिलेलं जुनं यान त्याच स्थानकाच्या विक्रीच्या यादीत लागतं, स्वतःच्या जुन्या नंबरासकट. खरेदी झाल्यावर त्याने यादी पुन्हा उघडली. त्याचं यान तिथे होतं, खाली किंमत, शेजारी तीच दोन अक्षरं आणि चार आकडे. बराच वेळ त्याने खिडकी मिटली नाही. “कुणी घेतलं तर कळेल काय मामा?” त्याने विचारलं. मी म्हटलं, नंबर लिहून ठेव.