चाकांवरील अश्वशक्ती

मोटारगाडीच्या माहितीपत्रकात छापलेली अश्वशक्ती आणि तीच गाडी डायनोच्या (शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) रोलरवर चढवून मोजलेली अश्वशक्ती हे आकडे सहसा जुळत नाहीत. छापलेला आकडा क्रँकशाफ्टच्या टोकाशी, म्हणजे फ्लायव्हीलपाशी मोजलेला असतो. त्या वेळी इंजिन गाडीत नसून प्रयोगशाळेतल्या टेस्ट बेंचवर असते. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, अ‍ॅक्सल आणि टायर यांतून वाट काढत जी शक्ती शेवटी रोलरपर्यंत पोचते, ती चाकांवरील अश्वशक्ती. गाड्या ट्यून करणारे तिला ‘व्हील हॉर्सपॉवर’ म्हणतात. दोन्हींत साधारण १० ते २० टक्के तफावत असते, चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांत कधी त्याहून जास्त. ही तफावत पाहून कंपनीने फसवले असे समजणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक वेळा ती समजूत चुकीची असते, पण ती खरी ठरल्याचीही उदाहरणे आहेत.

एककाचा घोळ

तुलनेला बसण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच एककात आहेत ना, हे बघावे लागते. जेम्स वॉटने ठरवलेली अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ५५० फूट-पौंड काम, अर्थात ७४५.७ वॅट. युरोप खंडात रूढ झालेली मेट्रिक अश्वशक्ती सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटरची, म्हणजे ७३५.५ वॅटची. जर्मन तिला पीएस म्हणतात. फरक दीड टक्क्याचाही नाही, पण आकडे मोठे झाले की तो डोळ्यांत भरतो. बुगाटी व्हेरॉनची १,००१ पीएस ही प्रसिद्ध शक्ती वॉटच्या अश्वशक्तीत ९८७ भरते. माहितीपत्रकात पीएस आणि डायनोच्या कागदावर वॉटची अश्वशक्ती असेल, तर १५० चे १४८ होतात ते गाडीने काहीही न गमावता.

शक्ती थेट मोजता येत नाही. टॉर्क (दांडा फिरवणारा पिळाचा जोर) आणि फेऱ्यांचा वेग मोजायचा आणि दोहोंचा गुणाकार करायचा. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले मिनिटाला फेरे, भागिले ९,५४९ केले की किलोवॅट मिळतात. इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर देत असेल, तर शक्ती सुमारे १०५ किलोवॅट, म्हणजे १४० अश्वशक्ती होते. गिअर टॉर्क वाढवतो आणि त्याच प्रमाणात फेरे कमी करतो. एकूण चौपट घट असेल, तर चाकांवर ८०० न्यूटन-मीटर १,२५० फेऱ्यांवर मिळतात आणि शक्ती तीच राहते. गिअरमुळे शक्ती वाढत नाही, दात घासल्याने थोडी कमीच होते. चाकांवरचा टॉर्क इंजिनाचा टॉर्क म्हणून जाहीर केला की आकडा अचाट वाटतो. २०२० मध्ये हमर ईव्ही या विजेरी गाडीसाठी सांगितलेला ११,५०० पौंड-फूट टॉर्क असाच गिअरनंतरचा होता.

जाहीर आकडा कुठून येतो

टेस्ट बेंचची परंपरा मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळून त्यांना जोडलेल्या तरफेवर वजन तोलायचे, ही युक्ती फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये काढली. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’मधला ब्रेक तो हा, गाडी थांबवण्याच्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही. पुढे विल्यम फ्राउड याने १८७७ मध्ये जहाजांच्या इंजिनांसाठी पाण्याच्या विरोधावर चालणारा डायनामोमीटर केला, आणि मोठी शक्ती ठोकळे न जाळता मोजता येऊ लागली.

बेंचवर इंजिन कोणत्या अवस्थेत बसवायचे, यावर आकडा फार अवलंबून असतो. अमेरिकेत १९७१ पर्यंत ‘ग्रॉस’ शक्ती छापत. इंजिनावर एअर फिल्टर नाही, गाडीतला सायलेन्सर नाही, पंखा आणि अल्टरनेटरचा भार नाही, इग्निशनचे टायमिंग सर्वांत सोयीचे. १९७२ पासून ‘नेट’ शक्ती आली. आता गाडीत जे जे असते ते सगळे जोडून मोजायचे होते. कॅडिलॅक एल्डोराडोचे ८.२ लिटरचे इंजिन १९७१ मध्ये ३६५ अश्वशक्तीचे होते, पुढच्या वर्षी ते २३५ चे झाले. शेव्हरोले कॉर्व्हेटचे एलटी-१ इंजिन ३३० वरून २५५ वर आले. प्रदूषणाच्या नियमांनी त्या काळात इंजिने खरोखरच मवाळ केली होती, त्यामुळे सारा दोष त्या नियमांवर टाकायची सवय आजही दिसते. पण या दोन उदाहरणांतली घसरण मुख्यतः मोजण्याची रीत बदलल्यामुळे आहे. जुन्या अमेरिकन गाडीचा ग्रॉस आकडा आजच्या रोलरच्या आकड्याशेजारी ठेवून ‘चाळीस टक्के ताकद गिअरबॉक्सने खाल्ली’ म्हणणे, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घालणे.

नेट शक्तीच्या नियमांतही पळवाटा होत्या. इंजिनात तेल किती, पॉवर स्टिअरिंगचा पंप कसा धरायचा, इंधन कोणत्या ऑक्टेनचे, अशा तपशिलांत कंपन्या सोयीचे अर्थ लावत. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने (एसएई) २००४-०५ मध्ये नियम घट्ट केले आणि बाहेरच्या साक्षीदारासमोर चाचणी करून प्रमाणित आकडा देण्याची सोय केली. तेव्हा इंजिनात एक स्क्रूही न बदलता टोयोटा कॅम्रीचे व्ही६ इंजिन २१० वरून १९० वर आणि अक्युरा आरएलचे ३०० वरून २९० वर आले. उलट कॉर्व्हेटच्या एलएस७ इंजिनाचा आधी सांगितलेला ५०० चा आकडा प्रमाणित चाचणीत ५०५ झाला.

वाटेत शक्ती जाते कुठे

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोचताना काही उष्णता होऊन जाते. तिरक्या दातांच्या गिअरची एक जोडी एक-दोन टक्केच खाते. मागची चाके ओढणाऱ्या गाडीत शक्तीला काटकोनात वळावे लागते. तिथल्या हायपॉइड गिअरचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही. म्हणून तिथे अधिक जाते. इंजिन आडवे बसवलेल्या, पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत हे वळण नसते, त्यामुळे तिची गळती थोडी कमी असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप सतत चालतो आणि टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नसला तर तिथेही घसरण होते. शिवाय गिअरबॉक्समधले तेल ढवळले जाते, बेअरिंग आणि सील घासतात.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो टायर. सपाट रस्त्यावर टायर जेवढा दबतो, त्याहून गोल रोलरवर तो जास्त मुडपतो, आणि गाडी घसरू नये म्हणून पट्टे आवळले की आणखीच. हवा कमी असलेला टायर, रुंद टायर, घट्ट आवळलेला पट्टा यांतल्या प्रत्येकाने आकड्यात काही अश्वशक्तींची चूक होऊ शकते. म्हणूनच काही यंत्रे चाके काढून थेट हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, जोडतात. त्यांचा आकडा रोलरच्या आकड्यापेक्षा सहसा जास्त येतो.

अशा सगळ्या तपशिलातून लोकांनी एक सोपा ठोकताळा काढला: मागच्या चाकांच्या मॅन्युअल गाडीला १५ टक्के, चारही चाकांच्या गाडीला २० ते २५ टक्के. अंदाजापुरता तो चालतो, पण नियम म्हणून तो टिकत नाही. गळतीचा एक भाग दातांवरच्या भारासोबत वाढतो. दुसरा भाग, म्हणजे तेल ढवळणे आणि सील घासणे, वेगावर ठरतो. इंजिन किती जोर लावते आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. समजा, १५० अश्वशक्तीच्या इंजिनाला टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावून ३०० केले. १५ टक्क्यांच्या हिशेबाने गळती साडेबावीसवरून ४५ वर जायला हवी. ४५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३३ किलोवॅट, दोन किलोवॅटचे सोळा हीटर एकदम पेटवल्याइतकी उष्णता. गिअरबॉक्स तोच, तेल तेच, आणि ते थंड करायला वेगळे काही नाही. टायरने वाटा उचलला तरी उष्णता सरळ दुप्पट झाली हे पटत नाही. गळती वाढते, पण शक्तीच्या प्रमाणात नाही.

रोलर काय मोजतो

रोलर मुख्यतः दोन जातींचे. इनर्शिया डायनोत एक जड ढोल असतो. गाडी त्याला पूर्ण थ्रॉटलवर फिरवते आणि ढोलाचा वेग किती झपाट्याने वाढला यावरून शक्ती काढली जाते. भार देणाऱ्या डायनोत विद्युत-चुंबकी ब्रेक चाकांना अडवून धरतो. तिथे इंजिन एका फेऱ्यावर स्थिर ठेवून, टेस्ट बेंचच्या जवळ जाणारे मोजमाप करता येते.

इनर्शिया डायनोच्या आकड्यात एक गोष्ट लपलेली असते. ढोलासोबत गाडीचे फ्लायव्हील, गिअर, डिस्क, चाके हेही वेग घेतात, आणि त्यांना वेग द्यायला लागलेली शक्ती ढोलापर्यंत पोचत नाही. ती उष्णताही होत नाही, फिरत्या भागांत साठून राहते. खालच्या गिअरमध्ये हे भाग जास्त झपाट्याने वेग घेतात, म्हणून तिथे आकडा कमी येतो. इंजिनाला हात न लावता हलकी चाके बसवली, तर हा डायनो शक्ती ‘वाढल्याचे’ सांगतो, आणि स्थिर भारावर मोजले की तीच वाढ गायब होते. म्हणून ‘गळती’ हा शब्द मी इथे जपून वापरतो. कागदावर दिसणारी सगळी तूट गळती नसते.

यावर हवामानाची दुरुस्ती येते. हवा विरळ वा गरम असली की टर्बो नसलेले इंजिन कमी शक्ती देते. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर साधारण दहा टक्के. म्हणून आकडा ठरावीक हवेच्या हिशेबात बदलून घेतात. एसएईच्या आजच्या नियमात ती हवा २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल दाबाची आहे. जुन्या, अजूनही वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या दुरुस्तीत हवा जास्त थंड आणि दाट धरलेली असल्याने रोलरवरची तीच धाव (एक पूर्ण चाचणी) सुमारे चार टक्के मोठी दिसते. कागदाच्या कोपऱ्यात कोणती दुरुस्ती छापली आहे हे न पाहता आकडे भिडवणारे दोघे बरोबर असूनही भांडतात. टर्बोच्या गाडीत आणखी एक खोच आहे: विरळ हवेत तिचा संगणक टर्बोला जास्त फिरवून बरीच भरपाई स्वतःच करतो. तिच्यावर साध्या इंजिनाची दुरुस्ती लावली, तर न घडलेल्या नुकसानाची भरपाई तिला दुसऱ्यांदा मिळते.

काही डायनो फ्लायव्हीलचा आकडाही छापून देतात. धाव संपल्यावर क्लच दाबून चाके आपोआप मंदावू देतात, त्या मंदावण्यावरून घर्षण मोजतात आणि ते चाकांवरच्या शक्तीत मिळवतात. रीत टक्केवारी चढवण्यापेक्षा प्रामाणिक आहे, पण गिअरवर इंजिनाचा जोर नसताना केलेले हे मोजमाप भाराखालची गळती पकडत नाही. टक्केवारीने उलटा काढलेला फ्लायव्हीलचा आकडा तर मोजमाप मानूच नये. ज्या १५ टक्क्यांबद्दल शंका आहे, तेच त्यात आधी गृहीत धरलेले असतात.

आकडा खोटा ठरतो तेव्हा

१९९९ च्या फोर्ड मस्टँग कोब्राची जाहीर शक्ती ३२० होती. मालकांनी रोलरवर आणि ड्रॅगच्या पट्टीवर ती कमी असल्याचे दाखवल्यावर फोर्डने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या, आणि इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट व संगणकाचा प्रोग्रॅम बदलून दिला. २००१ च्या माझदा एमएक्स-५ मियाटाची अमेरिकेतली १५५ अश्वशक्ती दुरुस्त करून १४२ करावी लागली आणि कंपनीने गाड्या परत घेण्याची तयारी दाखवली. दोन्ही प्रकरणांत तूट नेहमीच्या गळतीपेक्षा मोठी होती, आणि एका गाडीत नव्हे तर गाडीमागून गाडीत तशीच दिसत होती.

उलट दिशेची लबाडीही जुनी आहे. कॉर्व्हेटचे एल८८ इंजिन ४३० चे म्हणून विकले गेले, प्रत्यक्षात ते ५०० च्या पुढे जात होते. जपानी कंपन्यांनी १९८९ पासून आपसांत २८० पीएसची मर्यादा पाळली. शेवटच्या काळातल्या निसान स्कायलाइन जीटी-आर कागदावर २८० च्याच राहिल्या, मोजल्यावर मात्र त्याहून बऱ्याच वर निघत. २००४ मध्ये होंडा लेजंडने ३०० पीएस जाहीर केले आणि ती मर्यादा संपली. अलीकडच्या टर्बो गाड्यांतही जाहीर आकडा हातचा राखून दिलेला दिसतो. २०२० ची टोयोटा सुप्रा अमेरिकेत ३३५ अश्वशक्तीची म्हणून आली, आणि चाकांवरच तेवढी शक्ती दिसू लागली. पुढच्याच वर्षी जाहीर आकडा ३८२ झाला.

एकाच गाडीचा एकच आकडा घेऊन कंपनीला खोटे पाडणे अवघड असते. डायनोच्या खोलीतला पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची जागा घेऊ शकत नाही; टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो, संगणक इग्निशनचे टायमिंग मागे घेतो आणि तिसरी धाव पहिल्यापेक्षा कमी भरते. चाके घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद नसेल, तर पुढची चाके स्थिर आणि मागची फिरताना पाहून तो थ्रॉटल आवरतो. रोलरची खरी ताकद तुलनेत आहे: त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच हवेच्या टायरवर, बदलाआधी आणि बदलानंतर. असे मोजलेले पाच अश्वशक्तींचे अंतर दोन वेगवेगळ्या गावच्या डायनोंवरच्या वीस अश्वशक्तींच्या अंतरापेक्षा जास्त विश्वासाचे.

विजेरी गाड्या

विजेच्या मोटारीत क्लच नाही, गिअर बहुधा एकच. त्यामुळे मोटार ते चाक ही गळती कमी असते. पण प्रश्न मागे सरकून बॅटरीपाशी जातो. टेस्ला मॉडेल एस पी८५डीसाठी २०१४ मध्ये ६९१ अश्वशक्ती सांगितली गेली. ती पुढच्या मोटारीच्या २२१ आणि मागच्या मोटारीच्या ४७० ची बेरीज होती. बॅटरी मात्र एका वेळी दोन्ही मोटारींना मिळून ४६३ च देऊ शकत होती. नॉर्वेतल्या मालकांनी तक्रारी केल्या आणि प्रकरण तडजोडीने मिटले. क्षणभराची शक्ती आणि टिकून राहणारी शक्ती यांतही मोठे अंतर असते. संयुक्त राष्ट्रांच्या ८५ क्रमांकाच्या नियमात विजेच्या मोटारीसाठी अर्धा तास टिकणारी शक्ती वेगळी मोजतात, आणि ती कमाल शक्तीच्या निम्म्याहून कमीही असू शकते. इंजिन आणि मोटार दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीत तर दोन्हींच्या कमाल शक्ती वेगवेगळ्या फेऱ्यांवर येतात, म्हणून त्यांची बेरीज करता येत नाही. त्यासाठी २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २१ क्रमांकाचा जागतिक तांत्रिक नियम झाला. त्यात हायब्रिड आणि एकाहून अधिक मोटारींच्या विजेरी गाडीची एकत्रित शक्ती सुटे इंजिन बेंचवर चढवून नव्हे, तर अख्खी गाडी रोलरवर किंवा हबच्या डायनोवर चालवून ठरवतात.