स्टीमपंक आणि व्हिक्टोरियन अदब : ‘जंटलमन’ या शब्दाचा गुंता

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या काल्पनिक जगाच्या विज्ञानकथा आणि त्यांतून आलेली वेशभूषेची हौस. तिच्या चाहत्यांना व्हिक्टोरियन काळाकडे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील राणी व्हिक्टोरियाच्या ब्रिटनकडे, ओढून नेणाऱ्या गोष्टींत वाफेच्या यंत्रांइतकेच महत्त्व त्या काळच्या अदबीला आहे. इंग्लंडमधील लिंकन शहरात २००९ पासून भरणाऱ्या स्टीमपंक मेळाव्यात उंच टोपी किंचित उचलून अनोळखी माणसाला अभिवादन केले जाते, आणि चहात बुडवलेले बिस्कीट न मोडू देता शेवटी कोण खातो, ही चढाओढसुद्धा पूर्ण शिष्टाचार सांभाळून चालते. या सौजन्यामागचा आदर खरा आहे. मात्र ज्या वर्गाकडून ते घेतले जाते, त्याची व्याख्या त्या काळातही निश्चित नव्हती.

सारा वाद ‘जंटलमन’ या शब्दाभोवती फिरतो. मराठीत आपण ‘सद्गृहस्थ’ म्हणतो, पण त्यात केवळ वर्तन येते. मूळ शब्दात जमीन, कुळ आणि पोटासाठी हातांनी काम करावे न लागणे हेही अभिप्रेत होते. लष्करी अधिकारी, धर्मगुरू आणि बॅरिस्टर यांना तो सहज लागू पडे. गिरणीमालक आणि इंजिनिअर यांच्याबाबत मात्र लोक अडखळत. कोळशाच्या खाणीतील पंपाच्या इंजिनावर कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा, अठराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता न येणारा मुलगा पुढे रेल्वेचा जनक म्हणून गौरवला गेला, तेव्हा जुनी व्याख्या अपुरी पडणे अटळ होते. १८५९ मध्ये स्वावलंबनावरील एका अत्यंत लोकप्रिय पुस्तकाने खरा जंटलमन चारित्र्याने ठरतो, संपत्तीने नव्हे, असे ठामपणे मांडले. तरीही लष्करातील अधिकारपदे पैसे मोजून विकत घेण्याची पद्धत १८७१ पर्यंत टिकून होती. म्हणजे ज्या इंजिनिअरला स्टीमपंकने आपला नायक मानले, तोच त्या उच्चभ्रू वर्तुळाच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि माझ्या मते चाहत्यांनी सर्वाधिक लक्ष द्यावे अशी बाब हीच आहे.

‘स्टीमपंक’ हा शब्द १९८७ मध्ये एका अमेरिकन विज्ञानकथा-नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात, ‘सायबरपंक’ या संगणकयुगातील विज्ञानकथा-प्रकाराच्या नावाच्या धर्तीवर, काहीसा गमतीने सुचवला गेला. त्यातील ‘पंक’मध्ये बंडखोरीचा आशय फारसा नव्हता. तो २००७ च्या सुमारास एका छोट्या नियतकालिकाने गंभीरपणे भरला : यंत्रावर प्रेम करा, कारखान्याचा तिरस्कार करा, ही त्याची भूमिका होती. त्यानंतर वेशभूषेवरून वाद वाढले. लॉर्ड, लेडी आणि वसाहतीतील संशोधक यांचेच वेश का निवडायचे, त्यांच्या ऐश्वर्याचा खर्च ज्यांनी सोसला ते गिरणीकामगार, मोलकरणी आणि वसाहतींतील प्रजा कुठे आहेत, असे प्रश्न विचारले गेले, आणि ते योग्यच होते. अदब ठेवून उच्चनीचता टाकता येते, असे उत्तर अनेकांनी दिले. त्याला इतिहासात आधारही आहे : १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात एका शिलिंगाच्या तिकिटावर कामकरी वर्गाला प्रवेश खुला झाला, तेव्हा दंगलीची भीती घालणाऱ्यांचे अंदाज खोटे ठरले आणि गर्दी अत्यंत शिस्तीने वागली.

आता मेळाव्यांत उंच टोपीशेजारी मेकॅनिक आणि धुराडी साफ करणारा पोरगा हे वेशही दिसतात. मुलांना धुराड्यात चढवण्यास १८४० च्या कायद्याने मनाई केली होती, परंतु १८७५ मध्ये नवा कायदा होईपर्यंत मुले चढतच राहिली.