विधवा आईने पुन्हा जोडीदार शोधणं: या संकोचामागचा इतिहास

१८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा आपल्याला शाळेत एका ओळीत शिकवतात: हिंदू विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा मिळाली. पण त्याच कायद्याची दुसरी आणि तिसरी कलमं वाचल्याशिवाय आजच्या विधवा आईची घालमेल कळत नाही. दुसऱ्या कलमानुसार, पुन्हा लग्न केलं की मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपत असे, आणि तोही जणू ती त्या क्षणी मेली असं धरून. तिसरं कलम मुलांबद्दल होतं. नवऱ्याने मृत्युपत्रात पालक नेमून ठेवला नसेल, तर त्याचे आईवडील किंवा कुणीही पुरुष नातलग कोर्टात जाऊन मुलांसाठी वेगळा पालक मागू शकत होते.

मूल नसलेल्या बालविधवेला या कायद्याने दार उघडून दिलं. आई असलेल्या विधवेला मात्र त्या दारातून जायचं तर मुलं हातची जाण्याची भीती होती.

महाराष्ट्रात तर अनेक जातींमध्ये विधवेचं लग्न कायद्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं. पाट लावणं किंवा म्होतूर ही सर्रास चालणारी रीत होती आणि मुलंबाळं असलेल्या बायकाही पाट लावत. त्याला पहिल्या लग्नाचा मान नसे. विधी बहुधा रात्री, वाजंत्रीशिवाय उरके. पेशवाईत तर त्यावर पाटदाम नावाचा करही घेतला जाई. तरी रीत होती, आणि ती बाईला पुन्हा संसार देत होती. पुढे इंग्रजी कोर्टांनी १८५६ च्या कायद्याचा अर्थ लावताना याच बायकांचं नुकसान केलं. जातीच्या रिवाजाने पुनर्विवाह आधीपासून मान्य असला, तरी पाट लावणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क जातो, असं मुंबई उच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ठरवलं. अलाहाबादच्या न्यायालयाचं मत याच्या उलट होतं. शेतावर पोट असलेल्या घरात या निकालाचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. विधवांच्या भल्यासाठी केलेला कायदा ज्यांना त्याची गरजच नव्हती त्यांच्यावर असा उलटला, हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत वेदनादायक भाग वाटतो.

ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या जातींत लढाई वेगळी होती. विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहाची चळवळ उभी केली आणि १८६९ मध्ये मुंबईत गाजलेला पुनर्विवाह लावला. १८७० मध्ये पुण्यात शास्त्रार्थ झाला तो पराशरस्मृतीतल्या ‘नष्टे मृते प्रव्रजिते’ या, नवरा मेल्यावर वगैरे बाईला दुसरा पती करण्याची मुभा देणाऱ्या श्लोकावर. पुनर्विवाहाच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांना बहिष्कार सोसावा लागला. त्यांचं धैर्य मोठंच होतं. पण त्यांच्या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी होती ती संसार न पाहिलेली पोर. तिच्यावर अन्याय झाला, तिचं पाऊल वाकडं पडेल, तिला आधार हवा, हे मुद्दे लोकांच्या गळी उतरवणं त्यातल्या त्यात सोपं होतं. दोन मुलांच्या आईला पुन्हा सोबत हवीशी वाटू शकते, हे तेव्हा फारसं कुणी बोललं नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मात्र आई झालेल्या विधवेकडे पाहिलं. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवणुकीतून गरोदर राहिलेल्या विधवांना तिथे सुरक्षितपणे बाळंत होता येई. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावच्या मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. पुढे पुण्याजवळ हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढताना कर्व्यांनी भर पुनर्विवाहाऐवजी शिक्षणावर ठेवला. हिंगण्याच्या त्या शिक्षणातून शिक्षिका झालेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या विधवांची पिढी घडली. ‘नवरा गेल्यावर तिने एकटीने मुलांना वाढवलं’ हे कौतुकाचं वाक्य आपल्या घराघरांत रुजलं, ते अशा बायकांच्या कष्टांमुळे. कौतुक खरंच आहे. पण त्याच वाक्याने पुढच्या कित्येक आयांना एकटं राहणं हे कर्तव्य म्हणून दिलं, असं मला ठामपणे वाटतं. बाईच्या स्वतःच्या इच्छेबद्दल उघड लिहिणारे र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते, पण त्यांना खटल्यांना तोंड द्यावं लागलं आणि वाचक मोजकेच मिळाले.

स्वातंत्र्यानंतर कायदा हळूहळू बदलला. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा झाला. त्याच वर्षीच्या पालकत्व कायद्यात, वडिलांच्या पश्चात आई ही नैसर्गिक पालक ठरली आणि पुनर्विवाहामुळे ते पालकत्व जाईल अशी अट त्यात नाही. १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. तरीही मुलांच्या आजीआजोबांनी पुनर्विवाहित आईला कोर्टात खेचण्याचे प्रकार थांबले नाहीत. आंध्र प्रदेशातल्या अशाच एका खटल्यात उच्च न्यायालयाने मुलाच्या कागदपत्रांत आईच्या दुसऱ्या नवऱ्याचा उल्लेख सावत्र वडील असा करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये तो आदेश क्रूर ठरवून रद्द केला आणि मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार आईचा आहे, असं सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता.

पेन्शनचा पेच अजून शिल्लक आहे. केंद्र सरकारच्या नियमांत पुनर्विवाहानंतरही कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहण्याची सवलत आहे, पण ती अपत्य नसलेल्या विधवेला. उत्पन्नाची मर्यादाही आहे. आईचं निवृत्तिवेतन लग्नाबरोबर थांबतं आणि पात्र मुलांकडे जातं. लग्न न करता एकत्र राहण्याचा पर्याय काहीजणी निवडतात, त्यामागे हा हिशेबही असतो.

आजच्या डेटिंगचं वेगळेपण यातच आहे. पाट असो, पुनर्विवाह मंडळी असो की वधूवर सूचक केंद्र, मध्ये कुणीतरी वडीलधारं असे आणि शेवट लग्नातच होई. वधूवर सूचीत आजही ‘विनापाश’, म्हणजे मूलबाळ नसलेल्या, स्थळाला पसंती असते. अ‍ॅपवर मात्र ती स्वतः माणूस निवडते, दोन मुलं आहेत हे स्वतः लिहिते आणि आवडलं नाही तर पुन्हा भेटत नाही. कुणाला भेटल्याने कायद्याने तिचं घर जात नाही, पेन्शन थांबत नाही, मुलांचं पालकत्वही जात नाही. सासरचे ‘मुलं काढून घेऊ’ म्हणाले, तर त्यांच्या हातात १८५६ चं ते तिसरं कलम आता नाही.