बिदर हवाई तळ

बिदर हवाई तळ : भारतीय वायुदलाच्या ट्रेनिंग कमांडच्या अखत्यारीतील तळ. तो कर्नाटकात बिदर शहराला लागून आहे. सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे १७० कि.मी. पूर्वेला असलेला हा तळ सोलापूरकरांना सर्वांत जवळचा लष्करी विमानतळ होय. लढाऊ वैमानिक होऊ पाहणाऱ्यांना जेट विमानावरचे वरच्या पायरीचे शिक्षण येथे दिले जाते. सोलापुरात लष्करी तळ नाही. होटगी रस्त्यावरचा विमानतळ नागरी आहे. पण १९४८ च्या सप्टेंबरात सोलापुरातून निघालेल्या फौजेच्या वाटेशी बिदरच्या धावपट्टीचा जवळचा संबंध आला, म्हणून सोलापूरच्या इतिहासात तिची दखल घ्यावी लागते.

त्या काळी सोलापूर मुंबई प्रांतात होते आणि नळदुर्ग, तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सोलापूरकडची जुनी माणसे त्या मुलखाला मोगलाई म्हणत. तुळजाभवानीच्या दर्शनाला जायचे तरी पाय मोगलाईतच पडायचा. संस्थान चारही बाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले होते आणि त्याला स्वतःचे बंदर नव्हते. भारताने नाकेबंदी केल्यावर रस्ता व रेल्वे दोन्ही वाटा आवळल्या गेल्या. उघडी राहिली ती आकाशाची वाट. तिचा फायदा सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने घेतला. लँकेस्टर बॉम्बरवरून बेतलेली लँकेस्ट्रियन जातीची मालवाहू विमाने तो कराचीहून रात्री भारतावरून उडवत आणी आणि हैदराबाद संस्थानातील धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवी. बिदर ही त्यांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ही धावपट्टी अशी चोरट्या शस्त्रांची गोदी बनली. कॉटनवर पुढे लंडनमध्ये खटला झाला. दंड झाला तो अवघा २०० पौंडांचा.

हैदराबाद संस्थान भारतात सामील करून घेण्यासाठी झालेल्या, ‘ऑपरेशन पोलो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि लोकांच्या तोंडी ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणून रुळलेल्या कारवाईत दोन मुख्य चढाया ठरल्या होत्या : पूर्वेकडून विजयवाड्याहून आणि पश्चिमेकडून सोलापुराहून. सोलापूरची चढाई मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होती. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे फौज निघाली. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल शत्रूने उडवून देण्याआधीच हाती लागला. एवढा एक पूल गेला असता तर रणगाड्यांना पावसाळी नदीकाठी खोळंबावे लागले असते. त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास चिलखती तुकडी उमरग्याला पोहोचली. दुसरी एक तुकडी तुळजापूरकडे वळली.

इकडे रस्ता उघडत असताना वायुदलाच्या टेंपेस्ट जातीच्या लढाऊ विमानांनी बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. हेतू साधा होता. धावपट्टीला खड्डे पडले की कराचीहून येणारे विमान उतरणार कोठे? त्या कारवाईच्या आठवणींत रणगाड्यांचे आणि रझाकारांचे किस्से पुष्कळ येतात, धावपट्टीचे नाव क्वचितच निघते. वास्तविक बाहेरून येणारी मदत तोडण्याचे काम तेथे झाले. १४ तारखेला उमरग्याहून राजेश्वरकडे जाणाऱ्या फौजेसमोर दबा धरून बसलेल्या तुकड्या हवाई टेहळणीत दिसल्या. तेव्हा पुन्हा टेंपेस्ट बोलावून रस्ता मोकळा करून घ्यावा लागला. १६ तारखेला बिदरचा रस्ता सोलापूर–हैदराबाद रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर गोळीबार झाला. १७ च्या पहाटे भारतीय सैन्य बिदरमध्ये शिरले आणि त्याच संध्याकाळी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. १८ सप्टेंबरला हैदराबादचे सेनापती अल एद्रूस हे चौधरींपुढे शरण आले. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला पाळला जातो तो निजामाने त्या दिवशी शस्त्रे ठेवली म्हणून. पुण्याहून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद करीत हैदराबादला जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग म्हणजे जवळजवळ त्या चढाईचाच मार्ग. एस.टी.च्या खिडकीशी बसून नळदुर्गचा किल्ला पाहणाऱ्याला हे सहसा कोणी सांगत नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे आले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूरकडे गेला. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह’ ही घोषणा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांनी दिली त्यांच्या कल्पनेतल्या महाराष्ट्रात ही धावपट्टीही येत होती. बिदर जिल्ह्यात आजही मराठी बोलणारी घरे बरीच आहेत.

चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धानंतर वायुदलाला वैमानिक मोठ्या संख्येने हवे होते. १९६३ पासून बिदरला प्रशिक्षण सुरू झाले. जागेचे गुण सोपे आहेत : समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर उंचीचे जांभ्या दगडाचे पठार, आजूबाजूला विरळ वस्ती, पावसाळ्याचे महिने सोडले तर बहुधा निरभ्र आकाश. शिकाऊ वैमानिकाला चुका करायला मोकळे आकाश लागते, आणि दख्खनमध्ये ते भरपूर आहे. दुंडिगल, हकीमपेट ही वायुदलाची इतर प्रशिक्षण केंद्रे याच पठारावर आहेत, हा योगायोग नव्हे.

बिदरचे खरे महत्त्व मात्र हॉक या ब्रिटिश बनावटीच्या प्रशिक्षण जेटमुळे वाढले, आणि त्यामागची कथा दिरंगाईची आहे. पूर्वी नवा वैमानिक संथ, सोप्या किरण विमानावर शिकून निघे आणि थोड्याच दिवसांत मिग-२१ मध्ये बसे. मिग-२१ वेगाने उतरणारे, चूक माफ न करणारे विमान. दोहोंमधली दरी फार मोठी होती आणि ती अनेक तरुणांच्या जिवावर बेतली. मधल्या पायरीचे जेट घ्यावे, अशी शिफारस वायुदलातील अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच केली होती. हॉकचा करार झाला मार्च २००४ मध्ये, म्हणजे तब्बल बावीस वर्षांनी. ६६ विमानांपैकी २४ ब्रिटनमधून तयार येणार होती, तर ४२ बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधायची होती. २३ फेब्रुवारी २००८ ला संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत हॉक बिदरला दाखल झाले.

हॉकमध्ये पुढे विद्यार्थी आणि मागे जरा उंच आसनावर शिक्षक बसतो, म्हणजे मागच्यालाही पुढची धावपट्टी दिसते. पुढ्यातल्या काचेवर वेग, उंची, नेम हे सारे उमटते, त्यामुळे मान खाली घालून घड्याळे वाचावी लागत नाहीत. विमानांची रांग धरून उडणे, रात्रीचे उड्डाण, जमिनीवरच्या लक्ष्यावर मारा हे पाठ येथे गिरवले जातात. ताशी ७५० कि.मी. वेग धरला तर बिदर ते सोलापूर हे अंतर चौदा मिनिटांत संपते. सोलापूरच्या माणसाला तेवढ्या वेळात सात रस्ता चौकातून होटगी नाकाही गाठता येईलच असे नाही.

२०१६ मध्ये वायुदलात दाखल झालेल्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह यांनी हॉकवरचे शिक्षण बिदरलाच घेतले. नऊ विमानांची कसरत करणारे ‘सूर्यकिरण’ पथकही याच तळावरचे. १९९६ मध्ये ते किरण विमानांवर उभे राहिले. शिकाऊंसाठी विमाने कमी पडू लागल्याने २०११ मध्ये पथकाच्या कसरती थांबल्या आणि त्यातली किरण विमाने पुन्हा वर्गात गेली. २०१५ पासून पथक हॉकवर परतले. प्रेक्षकांना लाल-पांढरी विमाने आणि रंगीत धूर तेवढा दिसतो, पण शाळेला तुटवडा भासला की आधी कसरतीची विमाने काढून घेतली जातात, हे या तळाच्या स्वभावाला धरूनच आहे.

फेब्रुवारी २०२० पासून तळाच्या आवारात स्वतंत्र नागरी टर्मिनल सुरू झाले आणि लष्कराच्याच धावपट्टीवरून बेंगळुरूची प्रवासी सेवा निघाली. मधून मधून ती खंडितही झाली. इकडे सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाची धावपट्टी नागरी, स्वतःची. पण वाटेत साखर कारखान्याची उंच चिमणी आडवी. तिच्यावरून शहरात वर्षानुवर्षे वाद पेटला आणि १५ जून २०२३ ला ती पाडण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, आणि नियमित प्रवासी विमान उतरायला जून २०२५ उजाडला. ते गोव्याचे होते.