शंभर कोटींचा उंबरठा: सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या नोंदणीची पार्श्वभूमी

एखाद्या विमा कंपनीला ‘परवाना मिळाला’ असे बातम्यांत येते. कायद्यातला शब्द मात्र ‘नोंदणी’ आहे आणि तो विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ३ मधला आहे. आग, सागरी आणि संकीर्ण (यात मोटार, अपघात, चोरी वगैरे) विमा विकणारी प्रत्येक कंपनी आजही याच कलमाखाली बाजारात येते. विमा म्हणजे आज पैसे घेऊन उद्याचा शब्द देणे. तो पाळायची वेळ येईल तेव्हा कंपनीच्या तिजोरीत काही असेल का, हा प्रश्न जुनाच आहे. त्याची उत्तरे मात्र काळागणिक बदलत गेली.

१८५० मध्ये कलकत्त्यात ट्रायटन इन्शुरन्स सुरू झाली. सर्व प्रकारचा सर्वसाधारण विमा करणारी पहिली भारतीय कंपनी, इंडियन मर्कंटाइल, १९०७ मध्ये मुंबईत निघाली. १९१२ चा कायदा आयुर्विम्यापुरता होता. १९२८ च्या कायद्याने सरकारला दोन्ही प्रकारच्या कंपन्यांकडून आकडेवारी मागवता आली, एवढेच. नोंदणी सक्तीची करणारा आणि सरकारकडे अनामत ठेवायला लावणारा सर्वंकष कायदा १९३८ चा. तो १ जुलै १९३९ पासून अमलात आला.

अनामतीत एक त्रुटी होती. ती कंपनी किती धोका अंगावर घेते आहे, याच्याशी प्रमाणात नव्हती. धंदा दहापट वाढला तरी सरकारकडची रक्कम दहापट होत नसे. १९६८ च्या दुरुस्तीने इथेच हात घातला, आणि माझ्या मते या इतिहासातला खरा सांधा तोच. कलम ६४व्हीए आले: कंपनीची मालमत्ता तिच्या देण्यांपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त असलीच पाहिजे. कलम ६४व्हीबी आले: हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होणार नाही. उधारीवर विमा दिला की अपघात न झालेला ग्राहक हप्ता टाळतो आणि अपघात झालेला तेवढा दावा घेऊन येतो. ती वाट बंद झाली. दर ठरवण्यासाठी टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीही त्याच वेळी आली.

पुढे नोंदणीचा प्रश्नच काही काळ उरला नाही. मे १९७१ मध्ये सरकारने व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्या चार कंपन्यांत एकवटल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. वर जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन.

दार पुन्हा उघडायचा सल्ला रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या समितीने १९९४ मध्ये दिला. खासगी कंपन्या येऊ द्या, पण किमान भरणा झालेले भांडवल १०० कोटी रुपये ठेवा आणि आयुर्विमा व सर्वसाधारण विमा एकाच कंपनीला देऊ नका, असे त्यात होते. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक ‘इर्डा’ला (आताचे ‘इर्डाई’) वैधानिक रूप मिळाले, परकीय भागीदारीला २६ टक्क्यांची मर्यादा आली आणि ऑक्टोबर २००० मध्ये पहिल्या खासगी नोंदण्या झाल्या.

प्रक्रिया तीन टप्प्यांची ठरली. आर-१ मध्ये प्रवर्तक कोण, पैसा कुठून येणार, परकीय भागीदार कोण हे पाहतात. आर-२ मध्ये भांडवल खरोखर भरल्याचा पुरावा आणि सविस्तर अर्ज. आर-३ म्हणजे प्रत्यक्ष प्रमाणपत्र, आणि त्यानंतर बारा महिन्यांत धंदा सुरू करणे बंधनकारक. ग्रामीण भागातून पहिल्या वर्षी २, दुसऱ्या वर्षी ३ आणि पुढे ५ टक्के हप्ता आणण्याची अटही होती.

१०० कोटींचा आकडा इतका गाजला की तेवढे भरले म्हणजे झाले, असा अनेकांचा समज होतो. हिशेब करून पाहा. आवश्यक सॉल्व्हन्सी मार्जिन, म्हणजे देण्यांच्या वर जी जास्तीची मालमत्ता हवी ती, ढोबळमानाने निव्वळ हप्त्याच्या २० टक्के किंवा निव्वळ दाव्यांच्या ३० टक्के, यांपैकी जे जास्त ते. निव्वळ हप्ता ५०० कोटी असेल तर १०० कोटी. दावे ४०० कोटी असतील तर १२० कोटी. मोठा आकडा १२०. नियामक त्याच्या दीडपट, म्हणजे १८० कोटी, शिल्लक मालमत्ता मागतो. शिवाय संगणक, शाखा, पगार आणि सुरुवातीच्या तोट्यात मूळ भांडवल झिजलेले असतेच. त्यामुळे नवी कंपनी धंदा कमी पडला म्हणून जशी अडचणीत येते, तशी तो फार वेगाने वाढला म्हणूनही येते. प्रवर्तकाचा खिसा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उघडणार का, हे आर-१ मध्येच तपासण्याचे कारण हेच.

२०१५ च्या दुरुस्तीने नोंदणीचे दरवर्षीचे नूतनीकरण गेले, त्याजागी वार्षिक शुल्क आले. परकीय मर्यादा ४९ टक्के झाली, २०२१ मध्ये ७४, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. १०० कोटींचा आकडा मात्र २०१५ च्या दुरुस्तीतही तसाच ठेवला गेला. महागाई धरली तर तो पंधरा वर्षांत बराच हलका झाला होता.

कस लागतो तो दीडपटीच्या रेषेवरच. २०१९ मध्ये, सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेल्या एका आरोग्य विमा कंपनीचे सॉल्व्हन्सी प्रमाण (आवश्यक मार्जिनच्या किती टक्के शिल्लक मालमत्ता आहे ते; दीडपट म्हणजे १५० टक्के) जूनअखेर १०६ टक्के होते, ते सप्टेंबरअखेर ६३ वर आले. नोव्हेंबरमध्ये तिला नव्या पॉलिसी विकण्यास मनाई झाली आणि तिच्या पॉलिसी व मालमत्ता दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्यात आल्या. सरकारी कंपन्यांपैकी नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडियाही याच रेषेखाली होत्या, पण त्यांची विक्री चालूच राहिली. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिघींसाठी मिळून १२,४५० कोटी रुपयांचे भांडवल मंजूर केले. त्यातले २,५०० कोटी आदल्या आर्थिक वर्षातच दिलेले होते.