ट्रॉली मागे घ्यायला शिका, स्वयंपाकघराच्या फरशीवर

कापसाच्या हंगामात जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-अमळनेरकडच्या कुठल्याही जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) आवारात तासभर उभं राहून बघा. भरल्या ट्रॉल्यांची रांग असते. गंजीपर्यंत ट्रॉली मागे घ्यायची वेळ आली की जुना ड्रायव्हर एका दमात घेतो आणि नवखा घामाघूम होतो. मागच्या हंगामात माझा भाचा असाच अडकला. चार वेळा पुढे घेतली, चार वेळा मागे, पण दर वेळी ट्रॉली आडवीच. खाली उतरून मला म्हणाला, "मामा, मी इकडे फिरावस, हाई तिकडेच जास!" रांगेतल्या एकाने सांगितलं, हा हात जन्मजात असावा लागतो. दुसरा म्हणाला, ट्रॉली नवी दिसते, लिंबू-मिरची बांधा.

लिंबू-मिरचीने ट्रॉलीचा कोन बदलत नाही. तो बदलतो भूमितीने, आणि तीच भूमिती वीतभर खेळण्यातही असते. म्हणून मी भाच्याला बाजारातून खेळण्यातला ट्रॅक्टर-ट्रॉली आणून दिला.

आधी ट्रॉली अशी का वागते ते पाहू. ट्रॅक्टर पुढे जातो तेव्हा ट्रॉली ओढली जाते आणि दोघांतला कोन आपोआप कमी होतो. दोरीने ओढलेला डबा मागे सरळ येतो, तसंच. मागे जाताना मात्र ट्रॉली ढकलली जाते. तळहातावर काठी उभी धरली की ती जराशी कलते आणि मग कलतच जाते, तसा हा कोन वाढत जातो. किती वेगाने वाढतो? ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पिनपासून ट्रॉलीच्या एक्सलपर्यंतचं अंतर घ्या, त्याला ०.६९ ने गुणा. स्टिअरिंग सरळ ठेवून तेवढं मागे गेलं की लहान कोन दुप्पट होतो. हे अंतर ३ मीटर असेल तर साधारण दर २ मीटरला दुप्पट. सुरुवातीला २ अंशांची चूक असली तर २ मीटरवर ४ अंश, ४ मीटरवर ८, ६ मीटरवर १६, आणि ८ मीटरवर जवळजवळ ३२. नवखा माणूस १६ अंशांपर्यंत काही करत नाही, कारण त्याला काही दिसतच नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

या हिशेबात वेग कुठेच नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. कोन किती वाढला हे फक्त किती मीटर मागे गेलात यावर ठरतं. सेकंदाला १ मीटर या वेगाने गेलात तर कोन दुप्पट व्हायला २ सेकंद मिळतात, अर्ध्या वेगाने गेलात तर ४. हळू घेतल्याने ट्रॉली शहाणी होत नाही, तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. लांब ट्रॉली छोटीपेक्षा सोपी का जाते, हेही यातूनच कळतं. लांब काठी तोलायला सोपी असते, तसंच ते आहे.

आता स्टिअरिंग. उलटं जाताना ते उजवीकडे फिरवलं की ट्रॉलीचं मागचं टोक डावीकडे जातं. हवा तेवढा कोन झाला की लगेच डावीकडे फिरवून तो धरून ठेवायचा, आणखी डावीकडे फिरवलं तर कोन कमी व्हायला लागतो. पण याला मर्यादा आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांत २ मीटर अंतर, पुढची चाकं जास्तीत जास्त ३० अंश वळतात आणि पिन मागच्या एक्सलवरच आहे असं धरा. ३० अंशांच्या टॅनला ३ भागिले २ ने (ट्रॉलीचं अंतर भागिले ट्रॅक्टरचं) गुणलं तर ०.८६६ येतं. हा ६० अंशांचा साइन आहे. म्हणजे कोन ६० अंशांच्या पुढे गेला की स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही मागे जाता जाता तो कमी होत नाही. तिथे एकच उपाय, पुढे जाऊन सरळ व्हायचं. पिन ते ट्रॉलीचा एक्सल हे अंतर २ मीटर असेल तर ही हद्द ३५ अंशांवर येते.

या सगळ्यात वजन कुठेच आलं नाही. चाकं आडवी घसरत नाहीत आणि वेग कमी आहे, एवढंच धरलं आहे. म्हणून प्लॅस्टिकचं खेळणं खऱ्या ट्रॉलीसारखंच वागतं. फक्त एक काळजी घ्यावी लागते. सोळापट लहान खेळण्यात ३ मीटरचे १९ सेंमी होतात आणि कोन १३ सेंमीत दुप्पट होतो. हाताने सेकंदाला अर्धा मीटर ढकललं तर त्याला पाव सेकंद लागतो, आणि माणसाला प्रतिसाद द्यायलाही तेवढाच लागतो. म्हणून मुंगीच्या चालीने ढकला. खेळणं घेताना पुढची चाकं वळतात का आणि पिनचा सांधा मोकळा आहे का, हे पाहा. आम्ही आणलेल्याची चाकं घट्ट होती, एक्सल मोकळा करून तारेची खुंटी बसवावी लागली.

फरशीवर खडूने गंजी आखली. सुरुवात गंजीला लागून, ट्रॉली सरळ ठेवून. जमलं की वीतभर लांब, मग तिरकं. हा क्रम माझा नाही. १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेरिक नुयेन आणि बर्नार्ड विड्रो यांनी संगणकातल्या कृत्रिम न्यूरल जाळ्याला (चुकांतून स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामला) ट्रेलर मागे घ्यायला शिकवलं, तेव्हा आधी माल उतरवायच्या धक्क्याजवळचे सोपे धडे दिले आणि मग हळूहळू अवघड. ते शिकणारं जाळं हजारो वेळा चुकलं. जन्मजात हाताची गरज संगणकालाही पडली नाही.

खेळण्यात स्टिअरिंग नव्हतं, म्हणून भाच्याने जुनी ताटली धरली. हात ताटलीच्या तळाशी, घड्याळात सहा असतो तिथे. ट्रॉलीचं टोक जिकडे न्यायचं, हात तिकडे. "इकडे-तिकडे"चा गोंधळ त्याच दिवशी संपला. काळ्या मातीत चाकं रुततात, आरशात अंतर कळत नाही, डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबावा लागतो, हे फरशीवर शिकता येत नाही. त्यासाठी शेतातच जावं लागतं.

आतापर्यंतचा हिशेब एका एक्सलच्या ट्रॉलीचा. चार चाकी ट्रॉलीचा दांडा पुढच्या एक्सलसकट वळतो, त्यामुळे सांधे दोन होतात. दांडा दीड मीटरचा असेल तर त्याचा कोन मीटरभरातच दुप्पट होतो, आणि तोच पुढे ट्रॉलीचा कोन ठरवतो. जुने ड्रायव्हरही तिथे सावध असतात. आम्ही काडेपेटीचा दुसरा सांधा लावला आहे. भाचा परवा त्यात तीन वीत सरळ मागे आला, चौथ्या वीतीत दांडा आडवा झाला. मग खेळणं थोडं पुढे ओढून त्याने पुन्हा खडूच्या रेघेवर ठेवलं.