फोटो मिळाला, पण बिबट्या कोणता?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या जाधवनगरात एका बिबट्याने एका कामगारावर झडप घातली आणि तो गोल्फ मैदानाच्या झाडीत पसार झाला. मग आसपासच्या शाळांना सुट्टी, पिंजरे, जाळ्या, ड्रोन, शिमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून आणलेले हत्ती आणि झाडांना बांधलेले ट्रॅप कॅमेरे (पुढून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे), असा सगळा लवाजमा जमला. कॅमेऱ्यात बिबट्या आला. पिंजऱ्यात काही आला नाही. शहर आधी घाबरलं, मग चेष्टेवर उतरलं, आणि बिबट्या आला तसा कुठेतरी निघून गेला.

चहाच्या गाड्यावर तेव्हा एकच विषय असायचा: फोटो मिळालाय ना, मग धरत का नाहीत? प्रश्न रास्त होता. पण ट्रॅप कॅमेऱ्याचा फोटो एवढंच सांगतो, की रात्री अमुक वाजता इथून एक बिबट्या गेला. आता तो कुठे आहे, आणि परवा दिसला तोच की दुसरा, याचं उत्तर त्यात नसतं. गोल्फ मैदानात बिबट्या एकच आहे असं धरून निदान चालता तरी आलं. हिमालयात चार-पाच हजार मीटरवर हिमबिबट्याचे फोटो गोळा करणाऱ्यांना ती सोय नाही. त्यांना प्रत्येक फोटोपुढे थांबून विचारावं लागतं, हा तोच का?

हिमबिबट्या मध्य आणि दक्षिण आशियातल्या १२ देशांत आहे. राखाडी-पांढुरकी लव, तिच्यावर धुरकट ठिपक्यांची फुलं, जवळपास मीटरभर लांब झुपकेदार शेपूट. कड्यावरून उडी घेताना ती तोल सावरते आणि झोपताना नाकातोंडावर पांघरूण होते. बसला की तो दगडांत असा मिसळतो की पन्नास पावलांवरूनही दिसू नये. १९७० साली वन्यजीव संशोधक जॉर्ज शॅलर यांनी पाकिस्तानातल्या चित्रालमध्ये त्याचे फोटो काढले आणि पुढच्या वर्षी ते नॅशनल जिओग्राफिकमध्ये आले. मोकळ्या रानातला हिमबिबट्या जगाने पाहिला तो तेव्हा.

दिसत नाही याचं एक कारण रंग, दुसरं त्याचा मुलूख. मंगोलियात गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून पाहिलं तेव्हा एका नराचा मुलूख सरासरी २०७ चौरस किलोमीटर भरला, मादीचा १२४. आपलं खानापूरकडचं भीमगड अभयारण्य सगळं मिळून १९० चौरस किलोमीटर. म्हणजे हेम्माडगा, गवाळी, कोंगळा, पास्तोली, तळेवाडी, वर बारापेडेच्या गुहा, हे सगळं एकट्या नराच्या नावावर करून दिलं तरी तो आणखी थोडं मागणार.

पण मुलूख मोठा असला तरी वाटा ठरलेल्या असतात. डोंगराची धार, कड्याचा पायथा, दोन घळी मिळतात ती जागा. अशा ठिकाणी हिमबिबट्या मागच्या पायांनी माती उकरून ओंजळभर खळगा करतो, पुढे झुकलेल्या कातळाच्या पोटावर मूत्राचा फवारा मारतो, गाल घासतो. आडोशाला असल्यामुळे तो वास पावसा-बर्फात धुऊन जात नाही. माग काढणारी माणसं अशा कातळाला नाक लावून हुंगतात आणि वास ताजा असला तर कॅमेरा तिथेच ठेवतात. बांधायला झाड नसतं. दगडांची रास रचायची आणि तिच्यात कॅमेरा बसवायचा, नाहीतर लोखंडी सळई ठोकायची. लडाखच्या हेमिस भागात स्टीव्ह विंटर यांनी आपोआप चालणारे कॅमेरे महिनोन्‌महिने असे वाटेवर ठेवले आणि रात्रीच्या हिमवर्षावातून चालत येणाऱ्या हिमबिबट्याचा एक फोटो मिळवला. त्या फोटोला २००८ चा 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' हा किताब मिळाला. फोटो देखणा आहे यात वाद नाही. पण मोजणाऱ्याला देखणेपणाचं काही नसतं, त्याला कूस, म्हणजे अंगाची बाजू, हवी असते.

कुशीकडे वळण्याआधी कॅमेऱ्याबद्दल थोडं. खानापूरच्या रानात तो बांधताना पाहिलं तर मजा वाटते. पट्ट्याने खोडाला आवळतात, गुडघ्याच्या उंचीवर. समोरचं गवत कोयत्याने साफ करतात. मग वनखात्याच्या वॉचरपैकी एकजण चार पायांवर येऊन वाटेवरून रांगत जातो आणि बाकीचे कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याकडे बघत बसतात. दिवा लुकलुकला नाही तर कॅमेऱ्यामागे एखादी काटकी खोचून त्याचं तोंड खाली करायचं, आणि रांगणाऱ्याने पुन्हा रांगायचं. बिबट्याची नक्कल करायची म्हणून पँटचे गुडघे फाटलेले कितीतरी वॉचर असतील.

तो दिवा लुकलुकतो उष्णतेमुळे. कॅमेऱ्याच्या पुढ्यात, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या भिंगामागे, उष्णतेची किरणं ओळखणारा एक संवेदक असतो. त्याचे दोन भाग असतात. दोन्हींवर सारखी उष्णता पडते तोवर तो गप्प असतो. ऊबदार प्राणी एका भागाच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात सरकला की फरक पडतो, विजेचा बारीकसा इशारा मिळतो आणि कॅमेरा जागा होतो. म्हणजे दोन गोष्टी जुळून याव्या लागतात: प्राण्याच्या अंगाच्या आणि मागच्या जमिनीच्या तापमानात फरक, आणि हालचाल.

आपल्याकडे घोडं अडतं ते पहिल्या अटीपाशी. एप्रिलच्या दुपारी जांबोटी-कणकुंबीकडचे जांभ्याचे सडे तापून अंगाएवढे गरम होतात. पुढून बिबट्या गेला तरी कॅमेऱ्याला पत्ता नाही. उलट उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं की कार्डभर रिकामे फोटो. पावसाळ्यात भिंगावर बुरशी, आणि पेटीत मुंग्यांचा संसार.

हिमालयात फरक भरपूर मिळतो, पण अडचणी वेगळ्या. हिमबिबट्याच्या पोटाखालचे केस १२ सेंटीमीटरपर्यंत वाढतात. इतक्या दाट लोकरीतून अंगाची ऊब बाहेर फारशी येत नाही, त्यामुळे संवेदकाला तो खरा असतो त्यापेक्षा थंड वाटतो. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, कारण त्यांच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. म्हणून तिथे लिथियमचे सेल नेतात, ते उणे ४० अंशांपर्यंत तग धरतात. हातातल्या कॅमेऱ्याचे सेल लोक आतल्या खिशात ठेवतात आणि रात्री झोपायच्या थैलीत घेऊन झोपतात. गारठलेला कॅमेरा तसाच उबदार खोलीत नेला तर आतल्या भिंगावर दव धरतं आणि बाहेर आल्यावर ते गोठतं, म्हणून तो पिशवीत बंद करून हळूहळू गरम होऊ देतात.

आता कूस. हिमबिबट्याच्या अंगावरची फुलं आपल्या बोटांच्या ठशांसारखी ज्याची त्याची वेगळी. डावी कूस वेगळी, उजवी वेगळी. त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावायचे, आणि एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून ते थोडे तिरपे, मागेपुढे बसवायचे. फोटोंवरून ओळख पटवून गणित मांडायची ही पद्धत वाघांसाठी पहिल्यांदा नीट वापरली गेली ती आपल्याच कर्नाटकात. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी नागरहोळेच्या वाघांचे पट्टे असे वाचले आणि १९९५ साली ते काम प्रसिद्ध केलं. पुढे हिमबिबट्याचे अभ्यासक रॉडनी जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेमिसमध्ये हिमबिबट्यासाठी हीच पद्धत वापरली.

गणित सोपं आहे. खानापूरच्या आठवडी बाजारात किती माणसं आहेत हे शोधायचंय असं समजा. सकाळी एक फेरी मारून ४० चेहरे लक्षात ठेवले. तासाभराने दुसरी फेरी, ५० जण बघितले, त्यांत सकाळचे ओळखीचे १० निघाले. म्हणजे आपण लक्षात ठेवलेले लोक बाजाराचा पाचवा हिस्सा होते, तेव्हा बाजारात साधारण २०० माणसं. प्रत्यक्षातली सूत्रं याहून बरीच किचकट असतात, पण गाभा हाच.

आता समजा दुसऱ्या फेरीत दोन ओळखीचे चेहरे आपण ओळखलेच नाहीत, नवे समजलो. ओळखीचे १० चे ८ झाले, आणि ४० गुणिले ५० भागिले ८ केलं की बाजारात एकदम २५० माणसं! दोन माणसं ओळखण्यात चूक, आणि हिशेबात पन्नासची भर.

हिमबिबट्याच्या बाबतीत हे घडतं का, हे तपासायला संशोधकांनी एक चांगली शक्कल लढवली. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या १६ हिमबिबट्यांचे फोटो घेतले. कोणता फोटो कोणाचा हे आधीच पक्कं ठाऊक होतं. मग अनुभवी आणि नवखे अशा आठ जणांना ते देऊन किती बिबटे आहेत ते ओळखायला सांगितलं. २०२० साली निष्कर्ष छापून आला: १२.५ टक्के वेळा ओळख चुकली, आणि त्यामुळे संख्येचा अंदाज सरासरी ३५ टक्क्यांनी फुगला. चुका बऱ्याचशा एकाच दिशेच्या होत्या. दोन वेगळ्या बिबट्यांना एक समजण्यापेक्षा एकाच बिबट्याला दोन समजण्याकडे लोकांचा कल दिसला. कारण समजण्यासारखं आहे. केस लांब, वाऱ्याने पिंजारलेले, अंगाला पीळ पडला की फुलं ताणली जातात, बर्फ चिकटलेला. आपल्या बिबट्याची लव आखूड असते, त्याचे ठिपके त्या मानाने बरेच स्थिर.

भारतातली पहिली पद्धतशीर हिमबिबट्या गणना २०१९ ते २०२३ या काळात झाली. आकडा आला ७१८, त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये. कॅमेरे १,९७१ ठिकाणी लावले होते. फोटोंतून ओळखता आलेले वेगवेगळे हिमबिबटे मात्र २४१. उरलेला आकडा गणितातून आला. यात लपवाछपवी काही नाही, गणना अशीच होते. पण वर्तमानपत्रात '७१८ हिमबिबटे' असं छापून येतं तेव्हा कोणीतरी एकेकाला बोट लावून मोजलंय असा समज होतो, तो काही खरा नाही. माझ्या मते ७१८ पेक्षा २४१ या आकड्याची बातमी मोठी आहे. इतक्या अवघड मुलखात तेवढ्यांची ओळख पटली, हेच थोर. स्पितीतल्या किब्बर गावच्या बायकाही आता कॅमेरे बसवण्याचं आणि फोटो चाळून ओळख पटवण्याचं काम करतात.

ठिपकेच नसतील तर? पल्लासचं मांजर बघा. घरच्या मांजराएवढंच, पण केसांमुळे दुप्पट दिसणारं, चेहरा चपटा, कान खाली बाजूला. खडकाआडून डोकावताना कान वर दिसू नयेत अशी ही रचना. धोका जाणवला की ते पळत नाही, जमिनीला चिकटून दगड होऊन बसतं. हालचालीवर जागा होणाऱ्या कॅमेऱ्यापुढे हा डाव चांगलाच चालतो. अरुणाचलात त्याचा पहिला फोटो मिळाला तो २०२४ मधल्या पाहणीत, सुमारे ५,००० मीटरवर. एव्हरेस्टवर तर फोटो मिळालाच नाही. २०१९ च्या मोहिमेत ५,१०० मीटरच्या वर गोळा केलेल्या विष्ठेतला डीएनए वाचून ते तिथे आहे हे कळलं. देखणेपणात विष्ठा फोटोच्या पासंगालाही पुरत नाही. पण कोण राहतं आणि काय खातं ही दोन्ही उत्तरं तिच्यात मिळतात.

ठिपके असून न दिसणं, हा प्रकार आपल्या दारातच आहे. दांडेली-जोयडा पट्ट्यातला काळा बिबट्या वेगळ्या जातीचा नाही. एका अप्रभावी जनुकामुळे त्याच्या लवेत काळा रंग जास्त उतरतो, आणि ठिपके त्या काळोखात बुडून जातात. दिवसाच्या रंगीत फोटोत तो नुसता काळा ठोकळा. अशाने दोन काळे बिबटे वेगळे ओळखायचे कसे, आणि गणतीत धरायचे कसे? मलेशियातल्या संशोधकांपुढे हाच पेच होता, कारण तिथल्या द्वीपकल्पावरचे बहुतेक सगळे बिबटे काळेच आहेत. त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला तोडगा असा: रात्री कॅमेरा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात फोटो काढतो, आणि त्या प्रकाशात काळ्या लवेतले ठिपके उठून दिसतात. मग दिवसाही कॅमेऱ्याला रात्रच वाटायला हवी. उजेड मोजणारा जो छोटा संवेदक कॅमेऱ्यावर असतो, तो त्यांनी झाकून टाकला. कॅमेरे चोवीस तास रात्रीचेच फोटो काढू लागले, आणि काळ्या बिबट्यांच्या कुशीवरची फुलं एकेक करून वाचता येऊ लागली.